तेरा हजार फुटांवर मोठे बाबा

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. गावोगावी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटतो, दारावरची लिंबू-मिरची तोडतो, शिव्या खातो. तेव्हा "तूसुद्धा?" असं कुणी लिहू नये. लाज मलाही वाटतेच आहे!

माझी चुलत बहीण सोनूताई गोंदियात छोटी विमानं उडवायला शिकवते. एक विमान तिला पहाडी मुलखात न्यायचं होतं, म्हणून ऑक्सिजनची उचलून नेता येईल अशी टाकी आणली. दोघांच्या नाकात नळ्या, ऑक्सिजन किती सोडायचा, टाकी किती वेळ पुरेल... हे आधी इथंच तेरा हजार फुटांवर उडून ठरवायचं. ऑक्सिमीटरचे आकडे टिपायला तिने मला नेलं. मी खूश! माझं नवं पत्रक छापून तयार होतं – 'मेंदूला ऑक्सिजन कमी, तिथे भूत हजर!'

सकाळी साडेनऊ, लख्ख ऊन, खाली इटियाडोह धरणाचं पाणी. मी आकडे टिपायचं सोडून पत्रकातल्या चुका काढत बसलो. ताई खिदळायला लागली.

"काऊन हसून राहिली?"

"तो ढग पाह बे... बाबाच्या धोतरावानी!"

तिचे बाबा, माझे मोठे बाबा, वारून दोन वर्षं झाली. धानाच्या पाण्याचा डिझेल पंप अडला की त्यांचं एकच – "आधी नळी पाहा, मंग इंजिनले शिव्या द्या." मला टोमण्याने 'लीडर' म्हणायचे.

तेवढ्यात हेडफोनमध्ये खोकला. मग आवाज –

"ए लीडर! पर्चे मंग वाच. पोरीची नळी पाह!"

"हो, मोठे बाबा." सवयीने बोलून गेलो!

ताईचा आकडा एकोणऐंशी. माझा सत्त्याण्णव. वाकून पाहिलं तर तिची नळी पलीकडे, दाराच्या बाजूला, बेल्टच्या बकलाखाली चेपलेली. माझ्या जागेवरून दिसणं शक्यच नव्हतं. सोडवली. हळूहळू तिचं हसू थांबलं.

"मी कुठं चालली होती बे?"

विमान देवरीच्या जंगलावरून सरळ छत्तीसगडकडे निघालेलं!

हेडफोनला जोडलेल्या माझ्या फोनवर सगळं रेकॉर्ड झालंय. ताईचं हसणं, त्या आवाजाच्या जागी नुसती इंजिनाची घरघर, मग माझं "हो, मोठे बाबा." बस्स.

आता सांगा, माझ्या पत्रकाप्रमाणे ते ताईला भेटायला हवे होते ना? ऑक्सिजन तिला कमी होता! खाली उतरल्यावर ती रडली. "मले काऊन नाही सांगतलं बाबानं?" मग डोळे पुसून म्हणाली, "बराबर हाये. त्या टायमाले डोकं तुयंच चालू होतं."

पत्रकांचा गठ्ठा खाटेखाली पडून आहे. आवाजाचा उलगडा आजवर झालेला नाही. त्याहून मोठं कोडं हे की माझं डोकं चालतं, असं मोठे बाबांना जिवंतपणी एकदाही वाटलं नव्हतं.