जास्तीचा शब्द

टायपिंगच्या काकू डोळे मिटून काम करायच्या. तपासणी केंद्रात नवीन आलेल्याला आधी वाटायचं, बाईंना डुलकी लागली. मग बोटांकडे लक्ष जायचं आणि तो गप्प व्हायचा.

सोनोग्राफीच्या खोलीला लागूनच त्यांची बिनखिडकीची खोली. कानाला हेडफोन, त्यातल्या एका बाजूचा स्पंज केव्हाच गळून पडलेला, म्हणून तिथे जुन्या मोज्याचा तुकडा शिवलेला. पायाखाली पेडल, दाबलं की डॉक्टरांचा आवाज सुरू, सोडलं की बंद. डॉक्टर तपासता तपासता बोलून ठेवायचे, तेही निम्मं घशात आणि निम्मं नाकात. बावीस वर्षं ते ऐकून काकूंचा कान असा तयार झाला होता की डॉक्टर नुसते खाकरले तरी पुढे काय येणार ते त्यांना कळायचं. डोळे उघडे असले की कान आळशी होतात, असं त्या म्हणायच्या. देवापुढे आपण डोळे मिटतो ते काय उगाच, असंही एकदा बोलून गेल्या होत्या.

बावीस वर्षांत त्यांच्या कागदात चूक निघाली नव्हती. म्हणून डॉक्टर कागद न वाचता सही ठोकायचे.

टाइप करायचा एडिटर सुनेने बसवून दिलेला होता. मोठ्या कंपनीचा नाही. कुणा एका माणसाने घरी बसून केलेला. पांढरं पान आणि लुकलुकणारी रेघ, बस. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, ‘काही सांगायचं असेल तर लिहा. प्रत्येक अभिप्राय मी स्वतः वाचतो.’ काकूंनी तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, ‘चांगला आहे. यात आता काही वाढवू नका.’ त्याने हसरा चेहरा पाठवला होता.

आणि मग त्याने वाढवलं.

काकूंना ते कळलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईमुळे. खरं तर तिच्या जावेमुळे. दोघी सकाळी सकाळी कागद घेऊन हजर झाल्या आणि जाऊ नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीला म्हणाली, “आम्ही काही शिकलेल्या नाही. पण पहिल्या ओळीत लिहिलंय गाठ आढळली नाही, आणि दुसऱ्या ओळीत गाठीचं माप दोन सेंटीमीटर. नसलेल्या गाठीचं माप तुम्ही कशाने घेता, तेवढं सांगा.”

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि पाचपन्नास लोक बसलेल्या दालनात काकूंना बोलावलं.

“काकू, डोळे मिटून काम करता ते मी इतकी वर्षं खपवून घेतलं. हे काय आहे?”

आणि तुम्ही डोळे मिटून सही करता ते, असं काकूंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण समोर ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. काकू आत गेल्या आणि तिचं रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टरांचा आवाज स्वच्छ होता: गाठ आढळली. त्यात ‘नाही’ कुठेच नव्हतं.

मग त्यांनी डोळे उघडे ठेवून तीच ओळ टाइप केली. ‘गाठ आढळली’ लिहिलं, तोच पुढे राखाडी रंगात, आपला आपणच, एक शब्द उमटला: नाही. एंटर दाबलं. शब्द काळा झाला आणि ओळ बदलली.

तळपायाची आग मस्तकात गेली. दहातल्या नऊ जणांना काही निघत नाही, म्हणून काकूंनी वर्षानुवर्षं ‘आढळली नाही’ हेच टाइप केलेलं. एडिटरने जुन्या फायली चाळून ते पाठ केलं आणि दहाव्याच्या कागदातही घातलं. ही नवी सोय एकोणीस दिवसांपूर्वी आली होती. एकोणीस दिवसांत चारशे बारा कागद गेले होते. त्यांतल्या आणखी कितींत हा आगंतुक ‘नाही’ जाऊन बसलाय, ते कुणाला ठाऊक? रेकॉर्डिंग महिन्याने पुसली जायची. हातात अकरा दिवस.

त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर दार लावून म्हणाले, “काकू, झाकली मूठ राहू द्या. ती बाई देवाच्या कृपेने वाचली ना?”

“देवाच्या कृपेने नाही, तिच्या जावेच्या अकलेने,” काकू म्हणाल्या. “आणि झाकायचं असेल तर त्यात देवाला घेऊ नका.”

बावीस वर्षांत असं त्या प्रथमच बोलल्या. डॉक्टर कागदांत तोंड खुपसून बसले.

घरी आल्यावर काकूंनी एडिटरच्या अभिप्रायांच्या पानावर पाचातला एकच तारा दिला आणि सगळं लिहून काढलं, खाली फोन नंबरासकट. दुसऱ्या दिवशी खाली इतर वापरणाऱ्यांची उत्तरं जमली होती. ‘काकू, स्क्रीन बघण्यासाठीच असते.’ ‘देवाने डोळे दिलेत ते कशाला?’ एडिटरवाल्याने स्वतः लिहिलं होतं, ‘ही सोय सातशे जणांनी मागितली होती. नको असल्यास सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. आपला अभिप्राय मोलाचा आहे.’

सून म्हणाली, “आई, नका वाचू तुम्ही.”

“वाचते. मला वाचता येतं, एवढं तरी त्यांना कळू दे.”

त्यांनी खाली लिहिलं, ‘बंद केली. मागच्या एकोणीस दिवसांचं काय?’ उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशीही. दिवसा रोजचं काम सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत त्या जुनी रेकॉर्डिंग ऐकत होत्या. चार दिवसांत जेमतेम चाळीस झाली. डबा तसाच परत जायचा.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. आवाज तिशीतला, त्रासलेला.

“मी एडिटरवाला. तुम्ही रोज तेच तेच का लिहिताय? लोक वाचतात हो. एकट्याने चालवतो मी हे सगळं.”

“मग एकट्यानेच उत्तर द्या. मागच्या दिवसांचं काय?”

“पण त्यात माझी चूक कुठे? शब्द राखाडी दिसतो. बघणाऱ्याला दिसतो.”

“न बघणाऱ्याला?”

“न बघता कोण लिहितं?”

“मी. त्या सातशे जणांना विचारलंत, मला विचारलंत का? मी तर लिहूनही दिलं होतं, काही वाढवू नका. प्रत्येक अभिप्राय स्वतः वाचतो म्हणता. वाचून करता काय, लोणचं घालता?”



“हे कागद कसले आहेत?” त्याने विचारलं.

“माझं लिहिलेलं वाचलंच नाहीत तर. माणसांच्या पोटात, गळ्यात काय आहे, त्याचे. आत्तापर्यंत एका बाईला तुम्ही गाठ नाही म्हणून घरी पाठवलंय. आणखी कुणाकुणाला पाठवलंत ते मला शोधायचंय.”

त्याचा आवाज उतरला. म्हणाला, फाईल मागचा सगळा इतिहास ठेवते. माणसाने टाइप केलेला शब्द आणि सोयीने भरलेला शब्द आत वेगळे नोंदलेले असतात. ते बाहेर काढता येतील, बहुतेक.

“बहुतेक नको. उद्या पाहिजे.”

“उद्या देतो.”

त्याने दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू हेडफोन एकाच कानाला लावून बावीस वर्षांत पहिल्यांदा डोळे टक्क उघडे ठेवून कामाला बसल्या. भरलेले शब्द पिवळे दिसत होते, म्हणून आता रेकॉर्डिंग तेवढ्याच जागी ऐकायचं होतं. ‘आहे’, ‘सामान्य’, ‘दिसते’ असे निरुपद्रवी पुष्कळ, सगळे रेकॉर्डिंगशी जुळणारे. संध्याकाळपर्यंत चारशे बारा झाले. जे जुळत नव्हते ते तीनच, जिथे ओळ ‘आढळली’पाशीच संपून एंटर दाबलं गेलं होतं. एक शिवणकामवाली. एक शाळेतल्या बाई, गळ्याशी. एक घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, पोटात. या शेवटच्या दोन्ही कागदांवर माप पुढच्या पानावर गेलेलं, त्यामुळे कुणाच्या जावेलाही शंका यायला जागा नव्हती.

एडिटरवाल्याचा निरोप आला होता, सोय आता सगळ्यांसाठीच आपोआप बंद ठेवलीय, मागेल त्याने चालू करावी; तेवढा एक तारा बदलाल का? काकूंनी लिहिलं, ‘नाही.’ हा शब्द त्यांनी स्वतः टाइप केला.

दोन नवे कागद घेऊन त्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या.

“नंतर बघू,” डॉक्टर म्हणाले.

काकूंनी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला, मोज्याच्या तुकड्यासकट, आणि पेडल टेबलावर ठेवून तळहाताने दाबलं. डॉक्टरांनी स्वतःचाच आवाज ऐकला, एकदा, मग दुसऱ्यांदा. हेडफोन काढून त्यांनी दोन्ही कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. सही केली. काकूंकडे पाहिलं नाही.

शाळेतल्या बाईंनी पहिल्या घंटेलाच फोन घेतला. म्हणाल्या, उद्या सकाळी येते. आजोबांचा फोन तीनदा वाजून थांबला. काकूंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि चौथ्यांदा लावला.

“कोण? मोठ्याने बोला, कानात घंट्या वाजतात माझ्या.”

“आजोबा, तपासणी केंद्रातून बोलतेय. तुमचा कागद घेऊन उद्या या. त्याच्यावर एक शब्द जास्तीचा पडलाय.”

“जास्तीचा? अहो, मी घड्याळं जुळवणारा माणूस. जास्तीचा भाग कधी आपोआप पडत नाही, कुणीतरी टाकतं. कुणी टाकला?”

काकूंच्या तोंडाशी सगळे आले. तो एडिटरवाला, ते सातशे, ते डॉक्टर. पाच दिवस घोळवलेली सगळी वाक्यं तयार होती.

“मी,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून पडला.”

पलीकडे कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला.

“मग तुम्हीच भेटा उद्या. किती वाजता येऊ?”

“नऊला. मी दारातच उभी असेन.”