तिचा दुस्वास करणारीची साक्ष

२०२३ साली मी सहासष्ट वर्षांचा होतो, आणि ओमानमधल्या बरका इथल्या सुतारखान्यात माझ्या एका शब्दावर उस्मानचा व्हिसा रद्द होणार होता. मी वसईचा ख्रिस्ती, चौथी नापास. माप कागदावर लिहीत नाही, दाराएवढ्या लांब लाकडी पट्टीवर खूण करतो आणि चुकत नाही, हा माझा तोरा. त्या महिन्यात दुसऱ्याच कामाची पट्टी उचलली आणि सागाचे चार दरवाजे आखूड कापले. ओमानी मालकाने, आमच्या अर्बाबने, विचारलं तेव्हा म्हणालो, "माप उस्मानने दिलं." पट्टी खाटेखाली सारली.

उस्मान रत्नागिरीकडचा, माझ्याच खोलीतला. आमचं कधी पटलं नाही. त्याच आठवड्यात माझ्या पायाची साखरेची जखम चिघळली. वासाने बाकीचे दोघे खोली सोडून गेले. मी दवाखान्याला नाही म्हणत बसलो. उस्मान रोज कोमट पाण्याने पाय धुवायचा. "काका, तुमच्यापेक्षा तुमच्या पायाला अक्कल आहे. दुखलं तर सांगतो तरी." मी खोटं बोललो हे त्याला ठाऊक होतं. तरी तो बादली भरून आणायचा. तेच मला सोसवेना.

पडल्या पडल्या मुलीने पाठवलेली पुस्तिका अक्षर लावत वाचायचो. सातशे वर्षांपूर्वीच्या एका मठातल्या सिस्टरची. ती पवित्र होती हे कोणी बघितलं, असं मी मुलीला फोनवर सुनावलं होतं. शेवटच्या पानांत पुरावाच निघाला. ती वारल्यावर चर्चने माणसं पाठवून मठात साक्षी लिहून घेतल्या. तिच्या मैत्रिणींच्या साक्षी मी सोडून दिल्या. आपली माणसं चांगलंच बोलणार. मग एक तिचा दुस्वास करणारी उभी राहिली. शपथेवर म्हणाली, मी हिच्यावर खोटा आळ घेतला, आणि मी आजारी पडले तेव्हा माझे व्रण हिनेच धुतले.

तेवढ्यात उस्मान बादली घेऊन आला. याला चमत्कार म्हणा, नका म्हणू. मी रडलो. पुढे काही महिन्यांनी पाय घोट्यापासून कापावा लागला, तरी प्रभूचे उपकारच मानतो. प्रभूच्या हवाली व्हायचं तर आधी लपवलेलं बाहेर काढावं लागतं, एवढंच मला कळलं.

त्या रडण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेखालून पट्टी काढली, तिच्याच आधाराने लंगडत सुतारखान्यात गेलो आणि अर्बाबसमोर ती आखूड दरवाजाला लावून धरली. माझ्या हातची खूण बरोबर जुळली.