विनोदाचा पूर्वार्ध

हालाचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या प्रयोगशाळेत नमुने तपासत होते. "सामी गेला," एवढंच ती म्हणाली. ते कोविडनं रुग्णालयात गेल्यापासून ही बातमी अपेक्षित होती. अपेक्षेनं दुःख कमी होतं, हे गृहीतक मात्र टिकलं नाही.

सामी माझे ज्येष्ठ सहकारी. मूळचे दमास्कसचे, पत्नी हालासह युद्धातून निसटून आलेले. माझा प्रबंध अपुरा असूनही मला 'डॉक्टर' म्हणत. जेवणाच्या सुट्टीत ते विनोद सुरू करत आणि ऐन मध्यावर थांबत. "मग पुढे काय, बॉय?" आमचा सहकारी डेक्लन अस्सल कॉर्की थाटात करवादे; इथे वडीलधाऱ्यांनाही 'बॉय'च म्हणतात. सामी शांतपणे सँडविच खात राहत... त्यांच्या गल्लीतली रीतच तशी होती. एकानं पूर्वार्ध सांगायचा, दुसऱ्यानं उत्तरार्ध. म्हणजे चौकशी झालीच, तर राष्ट्राध्यक्षांवरचा विनोद कोणीच सांगितलेला नसतो. आम्ही पुणेकर विनोद सांगून वर त्याचं स्पष्टीकरणही देतो; मला ही काटकसर अद्भुत वाटे. सामींकडे पूर्वार्ध होते. उत्तरार्ध धाकट्या भावाकडे, आणि तो अजून दमास्कसमध्येच होता. सामी त्याला रोज संध्याकाळी फोन करत, पण तिसरं कोणी ऐकत असेल म्हणून विनोद टाळत.

एकच विनोद मला अखंड मिळाला. युद्ध जिंकल्याची घोषणा होते. अंधारात बसलेली बाई विचारते, "मग दिवे कधी येणार?" नवरा म्हणतो, "गप्प बैस. दिवे आले तर विजय दिसेल."

"बाकीचेही पूर्ण करून छापू या," मी उत्साहानं म्हटलं.

"डॉक्टर," ते थकून हसले, "आधी भाऊ इथे पोहोचू दे."

भावाचा व्हिसा आला नाही. टाळेबंदीमुळे शोकसभा संगणकाच्या पडद्यावर झाली. मी दिव्यांचा तो विनोद सांगायला तोंड उघडणार, तोच हालाचा संदेश आला : "नको. दीर ऐकतोय. त्याच्या शेजारी कोण बसलंय, ठाऊक नाही." मी म्हटलं, सामी अत्यंत काटेकोर रसायनतज्ज्ञ होते.

मग भाऊ बोलला. "माझा भाऊ गंभीर माणूस होता. आमच्या घरात कोणी कधी विनोद केला नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. डेक्लननंसुद्धा.

उत्तरार्ध आता कोणी मागत नाही. हाला मात्र रोज संध्याकाळी दिराला फोन करते, सामी करत अगदी तसाच, आणि फक्त हवामान सांगते. कॉर्कमध्ये सांगण्यासारखं हवामान, सुदैवानं, पुष्कळ असतं.