रबडीची वाटी आणि अपन्हुती

त्या दिवशी सरांचा चष्मा बसमध्ये फुटला नसता, तर अपन्हुती अलंकार मी नुसता पाठ करून सोडून दिला असता.

मी तेव्हा उंद्रीला शाळेत होते, दहावीत. मराठीचे सर चिखलीहून रोज जाऊन-येऊन करायचे. रिटायर व्हायला आलेले, स्वभावाने कडक. अलंकार शिकवायची त्यांची रीत ठरलेली होती. त्यांच्या जुन्या वहीतून ते व्याख्या सांगणार, आम्ही उतरून घेणार, दुसऱ्या दिवशी उभं राहून म्हणून दाखवणार. उपमेय म्हणजे काय, उपमान म्हणजे काय, हे आम्ही घडाघडा म्हणायचो. कळत मात्र कोणालाच काही नव्हतं.

तो बाजाराचा दिवस होता. आमच्या शाळेच्या भिंतीला लागूनच आठवडी बाजार भरतो, म्हणून त्या दिवशी बाजाराकडच्या खिडक्या बंद ठेवायच्या असा सरांचा नियम होता. पण चष्मा नसल्यामुळे त्यांना वहीतलं अक्षर दिसेना. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, शेवटी म्हणाले, "उघडा रे त्या खिडक्या. जरा उजेड येऊ द्या."

खिडक्या उघडल्या आणि अख्खा बाजार वर्गात शिरला. भोंगे, बकऱ्या, भजी तळल्याचा वास. उजेड येऊनही सरांना वाचता येईना, तेव्हा त्यांनी वही माझ्या हातात दिली. मी वाचलं, "उपमेयाचा निषेध करून ते उपमानच आहे असे सांगितले जाते, तेव्हा अपन्हुती अलंकार होतो."

"कळलं?" सरांनी विचारलं.

मी खाली बसणार, तेवढ्यात खिडकीतून ओळखीचा आवाज आला.

"सीताफळ नाई हो बाई, रबडीची वाटी हाये, वाटी!"

तो माझ्या अब्बांचा आवाज होता. ते फळं विकतात. आजूबाजूच्या गावांचे बाजार करतात आणि ही आरोळी मी लहानपणापासून ऐकत आले होते. एरवी शाळेत ती ऐकू आली की मी मान खाली घालून बसायची. पण त्या दिवशी हातात वही होती, बोट 'निषेध' या शब्दावर होतं, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"सर, अपन्हुती!" मी ओरडलेच.

"काय?"

"बाहेर, सर. अब्बा म्हणतात ना, सीताफळ नाई, रबडीची वाटी हाये. हीच अपन्हुती."

पोरं हसली. सर हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "ते रूपक झालं. बस खाली."

सरांना उलट बोलायची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती, माझी तर नव्हतीच. पण मी बसले नाही. म्हटलं, "नाही सर. रूपकात सीताफळ आणि रबडी एकच आहे असं म्हणतील. अब्बा तसं म्हणत नाहीत. ते आधी सीताफळालाच नाही म्हणतात."

सरांनी हात वर करून सगळ्यांना ऐकायला सांगितलं. आम्ही पन्नास जणं श्वास रोखून बसलो. आणि पुन्हा आरोळी आली, या वेळी अब्बांनी 'नाई'वर असा काही जोर दिला, की जणू त्यांना आमचं भांडण ऐकू गेलं होतं.

सर फळ्याकडे वळले. चष्म्याशिवाय, तिरप्या मोठ्या अक्षरात त्यांनी लिहिलं: सीताफळ नाही, रबडीची वाटी आहे. खाली लिहिलं: अपन्हुती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं बरोबर आहे. मी चुकलो."

मला हसू येत होतं आणि रडूही.

त्यानंतर सरांनी जे केलं ते शाळेत कोणी केलं नव्हतं. हेडमास्तरांना विचारून त्यांनी पुढचा तासही मागून घेतला आणि आम्हाला वह्यांसकट बाजारात सोडलं. "एकेकाने एक तरी अलंकार आणायचा. नाव नाही कळलं तरी चालेल, वाक्य आणा!"

आम्ही सुटलोच. चपलावाला म्हणत होता, "रस्ता झिजंल, पण चप्पल झिजणार नाई!" अतिशयोक्ती! चार पोरींनी एकदमच लिहून घेतलं. एक बकरीवाला बोकडाच्या पाठीवर थाप मारून सांगत होता, "याच्यासारखा हाच!" माझी मैत्रीण अशी ओरडली की बोकड बिथरला. "अनन्वय, अनन्वय सापडला!" बकरीवाल्याला वाटलं, पोरीचं काहीतरी हरवलं होतं. मिरचीवाली आजी म्हणाली, "हात नको लावू माय, ही मिरची लय भांडखोर हाये." ती चेतनगुणोक्ती की नुसती मिरचीची तारीफ, यावरून दोन पोरं तिच्या पालासमोरच वाद घालत बसली. महिनाभर जे शब्द आमच्या डोक्यावरून गेले होते, ते आता पाट्यांवर, गोणपाटावर, हातगाड्यांवर मांडून ठेवलेले दिसत होते.

सर माझ्यासोबत अब्बांच्या गाडीजवळ आले. सरांना पाहून अब्बा घाबरले. "काऊन सर, पोरीनं काही केलं काय?"

"हाव," सर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना वऱ्हाडीत बोलताना ऐकलं. "मले शिकवलं तिनं. तुमची आरोळी पुन्हा एकदा म्हणून दाखवता का?"

अब्बांनी टोपी सरळ केली, गळा साफ केला आणि अगदी परेडला उभे असल्यासारखे म्हणाले, "हे सीताफळ आहे."

आमची हसून पुरेवाट झाली. अब्बा लाजले. तेवढ्यात दोन बाया गाडीपुढून निघून चालल्या, आणि अब्बांच्या तोंडून आपोआप निघालं, "सीताफळ नाई हो बाई!" दोघींच्या माना वळल्या.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" सरांनी विचारलं.

"शिकवते कोण सर? सीताफळ घ्या म्हटलं तर कोणी थांबत नाई, ते तर दिसूनच राह्यलं. नाई म्हटलं का माणूस पाहते, का मंग हाये तरी काय."

सरांनी अब्बांना त्या अलंकाराचं नाव सांगितलं.

"अप... नुती?" अब्बांनी दोनदा म्हणून पाहिलं. "येवढं मोठं नाव हाये काय त्याचं!"

त्यानंतर मला अलंकारांचं वेडच लागलं. घरी अम्मीने रागावून काही म्हटलं, तरी मी त्यात उपमान शोधायची. पुढं बोरांचा हंगाम आला. मी अब्बांसाठी खास व्यतिरेक तयार केला, रात्री पाठ करून घेतला. बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गाडीजवळ उभी राहिले आणि अब्बांनी तो इमानदारीनं म्हटला, "साखरेलाही लाजवणारी मधुर बोरे!"

एक मावशी थांबली. "काय म्हटलं भाऊ?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि आवाज चढवला, "साखर रुसून घरी बसली मावशी, म्हणून बोरं आणली!"

मावशी हसली आणि पिशवी उघडली. मी वही उघडली. साखर रुसली, म्हणजे चेतनगुणोक्ती. पण बोरं साखरेहून गोड, म्हणून ती रुसली, म्हणजे आत व्यतिरेकही दडलेला. एकाच वाक्यात दोन? असं चालतं का? पुस्तकात कुठं दिलेलं नव्हतं. सर चिखलीच्या बसची वाट पाहत अजून स्टँडवरच असतील हे आठवलं, आणि वाक्य अर्धवट लिहून, वही छातीशी धरून, मी बाजारातून पळत सुटले.