गुडघ्याखालचे डॉक्टर

मुळ्ये डॉक्टरांच्या शोकसभेत दाखवायला त्यांचा हवा तेवढा व्हिडिओ माझ्याकडे आहे, असं मी चारचौघांत सांगून बसलो. नव्हता.

चित्रण कपाटभर होतं. आधी कॅसेटी, मग सीडी, मग हार्ड डिस्क, अशी डॉक्टरांच्या संशोधनाची सगळी वर्षं माझ्या बुधवार पेठेतल्या दुकानाच्या पोटमाळ्यावर रचून ठेवलेली आहेत. त्यामुळे हॉस्पिटलच्या लोकांनी ‘डॉक्टरांचं काही आहे का तुमच्याकडे?’ असं विचारलं, तेव्हा ‘काही? अहो, लोकं उठून जातील एवढं आहे,’ असं मी सांगितलं. सभा आठवड्यावर आली तेव्हा सगळं खाली काढून बघायला बसलो. पावलं, पावलं आणि पावलं. लहान मुलांची, अनवाणी, काळ्या मॅटवरून इकडून तिकडे जाणारी. चेहरा एकही नाही. आवाज तर नाहीच. आणि हे सगळं माझंच कर्तृत्व होतं, कारण आयुष्यात कुणी शिकवलेली एकच गोष्ट मी नीट शिकलो होतो, ती ही.

डॉक्टर गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानाचं शटर उचलत होतो. वहिनींचा फोन आला. ‘रफिकभाई, हे गेले.’ मी म्हटलं, ‘बरं. किती वाजता येतील?’ निवृत्तीनंतरही डॉक्टर कुठल्या ना कुठल्या पेशंटच्या मागावर असायचे. ते गेले म्हणजे संध्याकाळपर्यंत परत येणार, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं. वहिनी शेवटी एवढंच म्हणाल्या, ‘तुम्ही या.’ शटर अर्धं वर तसंच सोडून मी निघालो. शेजारच्या दुकानदाराने ते ओढून घेतलं, नाहीतर त्या दिवशी दुकानही गेलं असतं.

मुळ्ये डॉक्टर म्हणजे लहान मुलांच्या हाडांचे डॉक्टर. जन्मतःच ज्यांचं पाऊल आत वळलेलं असतं अशी बाळं त्यांच्याकडे यायची. दर आठवड्याला प्लॅस्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करायचं, आणि मग काही वर्षं रोज रात्री झोपताना पट्टीने एकमेकांना जोडलेले बूट घालायचे, असा तो उपचार. पाऊल सरळ होतं, पण काही मुलांचं पुन्हा वळायला लागतं. डॉक्टरांना वाटायचं, पाऊल वळलेलं डोळ्यांना दिसण्याआधीच ते चालण्यात दिसत असणार. तसं असेल तर वेळेवर धरता येईल. हे खरं की नुसतं आपल्याला वाटतं, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी प्रत्येक मूल दर भेटीला कॅमेऱ्यासमोर चालवायचं ठरलं आणि डॉक्टर कॅमेरा घ्यायला माझ्या दुकानात आले.

मी तेव्हा जोडधंदा म्हणून लग्नांचं शूटिंग करायचो. ‘कॅमेरा कशाला घेता, मीच येतो की,’ असं म्हणून मी पहिल्या दिवशी हजर झालो आणि मांडवात जे करायचो तेच तिथे केलं. मुलांचे गाल, मुलांचे डोळे, आयांचे पदर, रडणाऱ्या एकीच्या नाकावरून सावकाश खाली येत तिच्या हातातल्या बिस्किटावर. शिवाय मागे सनई लावून दिली. डॉक्टरांनी ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मी कौतुकाची वाट बघत उभा. ‘छान आहे, रफिकभाई,’ ते म्हणाले. ‘मुंज कुणाची होती?’

ती कॅसेट त्यांनी माझ्यासमोर पुसायला लावली आणि मग मला बसवून समजावलं. आईबापांनी संमती दिली होती ती पायांच्या चित्रणाला, चेहऱ्यांच्या नाही. हे झालं एक. शिवाय हे चित्रण बघून चाल कशी आहे ते ठरवणार होते दोन डॉक्टर, आणि त्यातले एक ते स्वतः. बघताना हे मूल कुणाचं, प्लॅस्टर कुणी घातलं, रात्री बूट घालतं की नाही, यातलं काहीही त्यांना कळता कामा नये. नावाने हाक मारली तरी ओळख पटेल, म्हणून आवाजही काढून टाकायचा. ‘चेहरा दिसला की माया येते,’ ते म्हणाले. ‘माया आली की पाऊल दिसत नाही. आपलं माणूस आपल्याला सरळच चालताना दिसतं.’ मी मान डोलावली. मान डोलावणं मला फार चांगलं जमतं.

तेव्हापासून माझा कॅमेरा कधी गुडघ्याच्या वर गेला नाही. सकाळी पहिलं मूल यायच्या आधी डॉक्टर स्वतः बूट-मोजे काढायचे, पँट दुमडायचे आणि मॅटवरून एकदा जाऊन यायचे. ‘घ्या, टेस्ट घ्या.’ मी उजेड बघायचो, फोकस बघायचो, ‘ओके’ म्हणायचो. मग ते बूट चढवून बाहेर चहाला जायचे, कारण कुठलं मूल आलंय हे त्यांनी बघायचं नसे. खोलीतून निघताना दारात थांबून दर वेळी म्हणायचे, ‘सनई नको.’

वारज्याची गौरी मला त्या सगळ्या पावलांमध्ये लक्षात राहिली, कारण ती यायचीच थांबली. असं मूल सुटलं की एखादा डॉक्टर कागदावर तशी नोंद करून पुढे गेला असता. आमचे डॉक्टर माझ्या स्कूटरवर मागे बसले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी वर पोचलो तरी हे कठड्याला धरून एकेक पायरी, आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा, असे येताहेत. मी वरून ओरडलो, ‘या, सावकाश या, माप ओलांडायचंय!’ ते खालून हसत म्हणाले, ‘तुम्ही पुढे होऊन अक्षता वाटा.’

घरात गौरीची आजी आडवी आली. सुनेला तिने बोलूच दिलं नाही. ‘रातभर बेड्या घालायच्या व्हय लेकराला? रडती पोर. अन् पाय तर सरळ झालाय की आता. बघा, हाय का वाकडा?’ डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, ‘रफिकभाई, डिकीतून माझी पिशवी आणता का?’ तीन मजले खाली, तीन मजले वर, मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत मी पिशवी घेऊन आलो. आजी पदराने डोळे पुसत होती, सून माळ्यावरून ते जोडबूट खाली काढत होती आणि डॉक्टर पायात मोजा चढवत होते. माझ्या मनात आलं, काय जीभ आहे या माणसाची! घरी जाऊन बायकोलाही तेच सांगितलं. मोजा कशाला काढला असेल, हा प्रश्न पडला होता. उकडत असेल, असं मी ठरवून टाकलं. पिशवी त्यांनी उघडलीच नाही, हेही माझ्या लक्षात आलं होतं. त्यावर मी काहीच ठरवलं नाही.

कधीतरी लक्ष्मी रोडवरून ते दुकानात डोकवायचे, तेव्हा हातात बुटांचे दोन खोके असायचे. एकाच बुटाचे दोन जोड, दर वेळी. ‘दोन-दोन कशाला हो, डॉक्टर?’ असं एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘दोन घेतले की एक मिळतो.’ मी समजलो, काहीतरी स्कीम असणार. लगोलग त्या दुकानात गेलो आणि स्कीम मागितली. मालकाने मला चष्म्यावरून न्याहाळलं. ‘दोन घेतले की आमच्याकडे दोनच मिळतात. तीन हवे असले तर तीन घ्यावे लागतात.’ हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते काउंटरला धरून हसले. त्यांना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना मी पाहिलं ते तेव्हाच.

सगळी वर्षं संपून निष्कर्ष निघाला तो त्यांच्या विरुद्ध. चालीवरून आधी काही कळतच नव्हतं. ज्या घरांत रात्रीचे बूट नेमाने घातले गेले ती मुलं बरी राहिली, एवढाच साधा अर्थ. तसं त्यांनी जसंच्या तसं लिहून छापलं आणि दुकानात पेढे घेऊन आले. मी म्हटलं, ‘अहो, चुकलात म्हणून पेढे?’ ‘चुकलो हे कळलं म्हणून,’ ते म्हणाले. ‘नाहीतर तसाच छाती पुढे काढून चुकत राहिलो असतो. तुमचं बरं असतं. चुकलं की कॅमेऱ्याचा दोष.’

तर शोकसभेच्या आधी पावलांच्या त्या ढिगाऱ्यात बसलेलो असताना मला एकदम आठवलं... टेस्ट! दर दिवसाच्या सुरुवातीचं ते चित्रण मी कधी पुसलंच नव्हतं. डॉक्टर होते, गुडघ्यापासून खाली का होईना. पहिलीच टेस्ट लावली. उजवं पाऊल छान, टाच टेकवून कॅमेऱ्यापासून लांब जाणारं. डावं मात्र आखूड, ताठ, टाच जेमतेम टेकतेय, आणि वर पोटरी जवळजवळ नाहीच. मी घाबरलो, ते आमच्या भिंगासाठी. इतकी वर्षं डावीकडून चित्र आकसत होतं की काय? कॉम्प्युटरवर डावी बाजू ताणली. तेवढ्यात डॉक्टर मॅटच्या टोकाला वळले आणि परत निघाले. बारीक पाय उजवीकडे आला आणि डावीकडचा धडधाकट पाय माझ्या दुरुस्तीने खांबासारखा झाला. दुसऱ्या दिवसाची टेस्ट लावली. तेच. वेगळा कॅमेरा, वेगळं वर्ष. तेच.

मी वहिनींना फोन लावला. ‘वहिनी, एक अडचण आहे. डॉक्टरांचा एक पाय बारीक दिसतोय. कॅमेऱ्याचा दोष आहे, सभेच्या आत करतो दुरुस्त. पण फिरता दोष आहे.’

‘फिरता म्हणजे?’

‘डॉक्टर वळले की तोही त्यांच्याबरोबर वळतो.’

वहिनी हसायला लागल्या. ते गेल्यानंतर पहिल्यांदाच हसत असाव्यात. हसता हसता हसणं कुठे संपलं ते मला फोनवर कळलं नाही. ‘या तुम्ही,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी मला बुटांचं कपाट उघडून दाखवलं. कोऱ्या बुटांच्या रांगा, तळव्याला धूळही न लागलेली. प्रत्येक जोडातला उजवा बूट लहान, डावा मोठा. दोन मापांचे दोन जोड घ्यायचे, त्यातून आपला एक जुळवायचा, आणि उरलेले हे असे. टाकवायचे नाहीत त्यांना. जन्मतःच पाऊल वळलेलं होतं, वहिनी सांगत होत्या. तेव्हा ही प्लॅस्टरची पद्धत नव्हती. लहानपणी ऑपरेशनं केली, पाऊल ताठ राहिलं ते राहिलंच. ‘मला कधी बोलले नाहीत,’ मी म्हटलं.

‘बोलायचं काय? दर वेळी तुमच्यापुढे पँट दुमडून चालत होते की. त्यांना वाटायचं, तुम्हाला माहीत आहे.’ मग म्हणाल्या, ‘फार कौतुक होतं त्यांना तुमचं. म्हणायचे, रफिकभाईंसारखा समजूतदार माणूस नाही. इतक्या वर्षांत एकदाही विषय काढला नाही.’

...

ते कौतुक मी कुठे ठेवू, हे मला अजून कळलेलं नाही. वारज्याच्या त्या जिन्यात माझ्या आरोळीवर ते हसले होते, ते समजूतदार मित्राच्या थट्टेला. ती थट्टा त्यांनी जपून ठेवली असणार, आणि मी तर नुसताच ओरडलो होतो. आता विचारायला फार गोष्टी आहेत. पायऱ्या चढताना दुखायचं का? लहानपणी खेळायला कोण घ्यायचं? आपल्याला मिळाला नाही तो उपचार रोज दुसऱ्यांच्या बाळांना देताना मनात काय यायचं? ते आले असते तर यातला एक तरी प्रश्न मी विचारला असता, असं मला वाटतं. आणि मला हेही माहीत आहे, की ते खरंच आले असते तर मी त्यांना चहा सांगितला असता आणि मेमरी कार्डांच्या भावाबद्दल बोलत बसलो असतो.

सभेत मी ती टेस्ट दुरुस्ती न करता दाखवली. चेहरा नाही, आवाज नाही. एक माणूस गुडघ्यापासून खाली चालत जातो, वळतो, परत येतो. मधल्या रांगेत गौरी बसली होती, आता नोकरी करते. तिची आई एकदम मोठ्यांदा म्हणाली, ‘हाच पाय! सासूबाईंना दाखवला होता, हाच...’ गौरी तिला धरून बाहेर घेऊन गेली. मी गौरीच्या पावलांकडे बघितलं. सरळ पडत होती, दोन्ही.

त्या कपाटातला एक जोड मी वहिनींकडून मागून घेतला. काळा, नाडीचा. दुकानात काचेच्या फळीवर, त्या पहिल्या कॅमेऱ्याशेजारी ठेवलाय. गिऱ्हाइकं किंमत विचारतात. सकाळी शटर उचललं की पहिली नजर तिकडे जाते आणि वाटतं, आत्ता कुणीतरी दारात येऊन पँट दुमडेल आणि म्हणेल, घ्या, टेस्ट घ्या. ज्या बुटांत ते कधी मावलेच नाहीत त्यांच्यात ते मला सगळ्यात जास्त दिसतात.

मागच्या आठवड्यात वहिनी ती टेस्ट पेन ड्राइव्हवर घ्यायला दुकानात आल्या. त्यांची नजर फळीवर गेली आणि तिथेच राहिली. मी हात पुढे बांधून उभा, त्या पहिल्या दिवशी सनईचं चित्रण दाखवून उभा होतो तसाच.

‘डावा उजवीकडे ठेवलायत, रफिकभाई,’ वहिनी म्हणाल्या. ‘आणि यांनी म्हणे तुम्हाला पाय बघायला शिकवलं होतं.’