डब्यासोबत पोचलेला भूकंप

नांदेडहून लातूरची एसटी सुटली तेव्हा लेखाचं शीर्षकसुद्धा माझं ठरलं होतं. लातूर बघायचं तेवढं बाकी होतं. तिथली पोरं क्लासच्या सरांना नटासारखं डोक्यावर घेतात, मिरवणुकीत सरांचे फलक गणपतीहून उंच असतात, असं पुण्यात ऐकलं होतं. त्याची चेष्टा करायची, एवढाच हेतू.

लोह्याला गाडी थांबली आणि खिडकीतून एक स्टीलचा डबा माझ्या मांडीवर आला. मागोमाग माधवराव नावाच्या शेतकऱ्याचा चेहरा.

"लातूरला चाललाव ना? कंडक्टरकडं आधीच लई डबे झालेत. माझी सविता स्टँडवर येईल."

त्यांनी माझा नंबर घेतला. पोरगी डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा देत होती, आणि हे साल शेवटचं असं घरी ठरलं होतं. "तिला लातुरात ठिवायला मन होत न्हवतं," ते म्हणाले. "माझी बहीण किल्लारीच्या भूकंपात गेली."

अहमदपूरनंतर मी डब्याचं झाकण नीट बसलंय का ते तपासलं. तपासण्यात एक धपाटं (मसाल्याची भाकरी) गेलं.

सविताने स्टँडवर डबा हातात तोलून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मला ती राहत होती त्या खानावळीत जेवायला नेलं. मालकीण रजियाआपा. फळीवर त्यांनी पातेल्यांची उतरंड रचली होती आणि सगळ्यात वर पालथा तांब्या.

"जमीन हलली की आधी तांब्या पडतो," त्या म्हणाल्या. "मग आम्ही अंगणात. किल्लारीच्या सालापासनं असंच हाय."

मी वरण-भात कालवत होतो. तेवढ्यात तांब्या पडला.

मी उष्ट्या हाताने अंगणात पळालो आणि धावतानाच वृत्तवाहिनीतल्या मित्राला फोन लावला. "लातुरात भूकंप!" "नक्की का?" "डोळ्यांनी पाहिलं!" आत वळून बघतो तर सगळ्या पोरी शांतपणे जेवत होत्या आणि कोपऱ्यावरून डीजे वळत होता. गणपती येत होता.

"मिरवणुकीच्या दिवशी तांब्या उतरून ठेवते मी," रजियाआपा म्हणाल्या. "आज राहून गेलं. तुम्ही कुठं पळाले सायेब?"

मित्राला परत फोन केला. "खुलासा उद्या बघू," तो म्हणाला. पडद्यावर 'लातूर हादरलं?' सुरू झालं होतं. प्रश्नचिन्ह तेवढं त्यांचं, बाकी बातमी माझी.

पाठोपाठ माधवरावांचा फोन. "उद्या पहिल्या गाडीनं येतो. पोरीला घेऊन जातो."

"अहो, काही झालेलं नाही."

"टीव्हीवर दाखवायलेत की."

"त्यांना सांगणारा मीच आहे."

"मग तर येतोच."

सविताने पुस्तक मिटलं. बाहेर उघड्या जीपमधून सर चालले होते, पोरं शिट्ट्या मारत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "या माणसात एवढं काय आहे?"

"एवढ्या पोरांत ते मला नावानं हाक मारतात," ती म्हणाली.

मी एका नटासाठी भर उन्हात अर्धा दिवस उभा राहिलो होतो. त्याने हात केला तो माझ्या मागच्या गाडीवाल्याला. माझ्या लेखाचं शीर्षक तिथेच गळून पडलं.

सकाळी माधवराव खानावळीत आले ते रिकामी पिशवी घेऊन, पोरीचे कपडे भरायला. रजियाआपांनी त्यांना पाणी दिलं आणि तांब्या पुन्हा उतरंडीवर चढवला. सविता समोरच्या गणपतीच्या मंडपात जाऊन पोरांना म्हणाली, "दादा, गाणं जरा मोठ्यानं लावा." असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नसावं, त्यांनी कसर ठेवली नाही. तांब्या थरथरला, सरकला, पडला.

माधवराव अंगणात गेले. खाली बसून त्यांनी तळहात जमिनीवर टेकवला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे दारात उभे. गाणं संपलं तरी त्यांचा हात तिथेच होता.

"क्लास कितीला?" त्यांनी विचारलं.

"दहाला, बाबा."

"मग हितं काय करायलीस?"

ती चपला शोधत पळाली. ते माझ्याकडे वळले. "पोरगी ऱ्हाऊ द्या. तुमी मात्र माझ्यासंगं चला. तुमाला लातुरात ठिवायचं मला भ्या वाटतंय."

परतीच्या गाडीत त्यांनी मला खिडकीची जागाही दिली नाही. ज्या गावाने भीतीला पातेल्यांवर बसवून जेवायला शिकून घेतलं, त्याची चेष्टा करायला मी निघालो होतो, हा विचार मला लोह्यापर्यंत पुरला.

लोहा आलं तेव्हा माधवरावांनी माझ्याकडून त्या मित्राला फोन लावून घेतला.

"जमीन हात लावून बघितलीय," ते म्हणाले. "जाग्यावर हाय. लावा बातमी."

"आपण कोण बोलताय?"

"सविताचा बाप," असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते उतरले.