वाटी रिकामी परत द्यायची नसते

अकरा वाट्या मिळाल्या होत्या. बारावी नव्हती. अप्पांनी दुकानाच्या काउंटरवर त्या ओळीनं मांडल्या आणि पुन्हा मोजल्या, जणू आणखी एकदा मोजल्यावर बारावी आपणहून प्रकट होणार होती.

"मॅडम, अकरावर न्हाय का भागणार?"

"नाही."

"थोडे कमी पैसे मिळाले तरी चालतील की."

मी कपाळाला हात लावला.

मी सायबर सिक्युरिटीचं काम करते. आधी पुण्यात कंपनीत होते, आता सोलापुरात स्वतःचं करते. माझे क्लायंट म्हणजे टॉवेलचे कारखाने, दोन-तीन हॉस्पिटलं आणि एक पतसंस्था. क्रिप्टोवाला क्लायंट एकच, तो म्हणजे शुक्रवार पेठेतले भांड्यांचे दुकानदार मल्लप्पा. त्यांना सगळी पेठ अप्पा म्हणते. क्रिप्टो त्यांची नव्हती, मुलीची, विजूची होती. विजू बंगळुरूत राहून परदेशी कंपन्यांसाठी अॅनिमेशन करते. काही जण तिला क्रिप्टोत पैसे द्यायचे, ते तिनं साठवले होते. त्यातून सात रस्ता चौकात एक हॉल घेऊन स्वतःचा स्टुडिओ काढायचा, म्हणजे सोलापूरला कायमचं परत यायचं, असं ठरलं होतं. हॉलचा करार शनिवारी होता. अप्पांना स्टुडिओतलं काही कळत नव्हतं. पोरगी घरी येणार, एवढं कळत होतं आणि तेवढ्यावर ते हवेत होते.

आता वाट्यांचा काय संबंध, ते सांगते.

क्रिप्टोच्या वॉलेटमध्ये पैसे नसतात. असते फक्त किल्ली. ती किल्ली पेनड्राइव्हएवढ्या एका यंत्रात ठेवली, की इंटरनेटवरच्या चोराचा हात तिथं पोचत नाही. पण यंत्र बिघडलं तर? म्हणून यंत्र सुरुवातीलाच बारा साधे इंग्रजी शब्द देतं. तेच बारा शब्द त्याच क्रमानं नव्या यंत्रात घातले की किल्ली पुन्हा तयार. ज्याच्याकडे शब्द, त्याचे पैसे. इथं 'फर्गॉट पासवर्ड' नाही, शाखा नाही, मॅनेजर नाही, ओळखीचा क्लार्क तर नाहीच. शब्दांचा फोटो काढायचा नाही, मोबाइलमध्ये लिहायचे नाहीत. कागद जळतो, भिजतो, त्याला वाळवी लागते. म्हणून जाणकार लोक ते स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवतात.

विजू चार मुलींच्या खोलीत राहायची. तिथून एकदा तिचा लॅपटॉप चोरीला गेला होता. म्हणून यंत्र आणि शब्द दोन्ही सोलापुरात ठेवायचं ठरलं, आणि मी अप्पांना स्टीलच्या पट्टीबद्दल सांगितलं. किंमत ऐकून ते हसले.

"स्टीलवाल्याला स्टील विकता व्हय, मॅडम? नाव घालायचं मशीन माझं हाय, स्टील माझं हाय. तुमी निर्धास्त ऱ्हावा."

मी निर्धास्त राहिले. अप्पांनी दुकानातल्या बारा वाट्या घेतल्या, भांड्यावर नाव घालतात तसा एकेकीवर एकेक शब्द घातला आणि घरच्या माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवल्या. नंबर घातले नाहीत. वाट्या एकात एक बसवल्या होत्या, खालून वर, तोच क्रम. हिशेब पक्का होता. फक्त घरात कुणाला सांगितलं नव्हतं. गुपित ते गुपित.

मग करार जवळ आला. एकदा बघून तरी घेऊ म्हणून अप्पांनी यंत्र काढलं. पिन त्यांनीच ठरवला होता, तो आठवेना. त्यांनी विजूची जन्मतारीख घातली, लग्नाची घातली, दुकानाच्या उद्घाटनाची घातली. पिन ठरावीक वेळा चुकला की हे यंत्र स्वतःला पुसून टाकतं, तसं त्यानं टाकलं. चोरासाठी केलेली सोय आहे ती. यंत्राला काय कळतंय, समोर चोर आहे का बाप.

अप्पा माळ्यावर चढले. ट्रंक रिकामी होती.

"अहो, त्या होय? त्या मी कवाच काढल्या," महानंदाकाकू म्हणाल्या. या अप्पांच्या मिसेस. "नव्या कोऱ्या वाट्या नुसत्या पडून होत्या. इंग्लिश नावं घातलेली. मला वाटलं, कुण्या शाळेची ऑर्डर असंल, न्हेली नसंल. संक्रांतीला हुग्गी केली नव्हं का, त्यातनंच वाटली."

हुग्गी म्हणजे त्यांच्याकडची गव्हाची खीर. सहा वाट्या त्या खिरीसकट गल्लीत गेल्या होत्या. उरलेल्या सहा स्वयंपाकघरात रोजच्या वापरात होत्या आणि त्यातल्या एकीत त्या क्षणी मोहरी होती.

माझ्या धंद्यात याला काय म्हणतात, ते मी अजून शोधते आहे. जगातले हॅकर सोडाच, गुपित स्वतःच घरोघरी जेवण पोचवून आलं होतं. आणि भांड्यावर नाव कशासाठी घालतात? लोकांनी वाचावं आणि भांडं परत करावं म्हणूनच की!

नशीब एवढंच, की पाच वाट्या परत आल्या होत्या. राहिली एक.

मी अप्पांना गणित समजावलं. बारा शब्द हातात असतील आणि क्रम गेला असेल, तर माझा लॅपटॉप इंटरनेट बंद करून सगळ्या जुळण्या करून बघू शकतो. एका रात्रीचं काम. पण एक शब्दच नसेल, तर यादीतले दोन हजारांवर शब्द त्या जागी घालून बघावे लागणार.

"मग दोन रात्री?"

"दोन हजार रात्री, अप्पा."

अप्पा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "विजूला फोन करू नका. ती आईला बोलंल. माझं म्हणा, माझ्याकडनं गेलं म्हणा."

मला गलबलून आलं, पण मी कडक आवाजात विचारलं, "काकू, सहावी वाटी कुणाकडे?"

"ते आता कसं सांगू? मी काय लिहून ठेवते व्हय?"

"घरोघर जाऊन विचारूया."

काकूंचा चेहराच बदलला. "दिलेली वाटी मागायची? दारात जाऊन? यव्वा! आज न्हाय तर उद्या येती वाटी. रिकामी द्यायची नसती, म्हणून थांबतात लोक. काहीतरी केलं की त्यात घालून देतात. मागायला गेले तर पेठेत तोंड दाखवू का नको?"

"काकू, विजूचे सगळे पैसे—"

"मला आठवू तर द्या."

आणि काकू आठवायला लागल्या. माणसं नाही, पदार्थ. शेजारच्या घरातून शेंगापोळी आली, ती एक वाटी. कोपऱ्यावरच्या शेखांकडून ईदेला शिरखुर्मा आला, ती दुसरी. एकीत पुलिहोरा म्हणजे चिंचेचा भात, एकीत ओल्या हरभऱ्याची उसळ, एकीत कुणाच्या तरी बारशाच्या घुगऱ्या. पाच झाल्या.

"आणि पाडव्याला नरसम्माकडनं पुरणपोळ्या येतात दरसाल. यंदा..." त्या थांबल्या. "यंदा न्हाय आल्या."

नरसम्मा तीन घरं सोडून राहायची. संक्रांतीनंतर आठवड्याभरात तिचा नवरा गेला होता. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात वर्षभर सण नाही. सण नाही तर गोडधोड नाही. गोडधोड नाही तर वाटीत घालायचं काय?

काकूंनी धपाटे आणि शेंगाची चटणी डब्यात भरली. "वाटीचं नाव काढायचं न्हाय," मला बजावलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथं कळसा तीन घरांवर होता आणि तो मागायचीही चोरी होती.

नरसम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. काकूंना बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. मग नरसम्माच म्हणाली, "वैनी, तुमची वाटी हाय माझ्याकडं."



"रोज बघते तिच्याकडं. पाडव्याला देणार होते. पण घरात काय केलंच न्हाय. रिकामी घेऊन तुमच्या दारात कशी येऊ? वाटी न्हाय, म्हणून मी बी आले न्हाय."

ती आत जाऊन वाटी घेऊन आली. धुऊन पुसून स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली. मग साखरेच्या डब्याकडे तिचा हात गेला आणि तिथंच थबकला. चिमूटभर साखरसुद्धा गोडच.

काकू उठल्या. जन्मात कुणाला रिकामी वाटी न दिलेल्या आणि कुणाकडून रिकामी न घेतलेल्या त्या बाईनं दोन्ही हात पुढे केले.

"दे. रिकामीच दे. तुझ्याकडनं चालती मला."

नरसम्मा रडली, काकू रडल्या, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

परतताना काकू म्हणाल्या, "तेराव्यानंतर मी गेलेच न्हवते तिच्याकडं. आज बी वाटीसाठी गेले."

लॅपटॉपला अख्खी रात्रही लागली नाही. पहाटेच क्रम जुळला. पैसे जिथल्या तिथं होते. त्याच तासात ते मी नव्या यंत्रात, नव्या शब्दांवर हलवले, कारण जुने शब्द निम्म्या गल्लीनं वाचलेले होते. ते कोणते, हे मी आजही सांगत नाही. आता त्यांचा उपयोग शून्य, पण सवय. नवे शब्द पट्टीवर, नंबर घालून, दोन प्रतींत. एक बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरी कुठे ते घरातल्या तिघांना माहीत आहे. शनिवारी करार झाला. विजूला सगळं नंतर कळलं आणि ती आईला नाही, बापालाच बोलली.

माझ्या चेकलिस्टमध्ये पूर्वी पहिला प्रश्न असायचा: चोर कुठून येऊ शकेल? आता त्याच्याही आधी मी विचारते: घरात भांडी कोण लावतं? ती व्यक्ती मीटिंगला येऊन बसल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.